गल्लीबोळांचा वैद्य : पॅट्रिक गेडिस

गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर आमच्या ओसरीत एक लाल रेघ उमटली. नगरपालिकेची दोन माणसे फीत घेऊन आली, रस्त्यापासून आत नऊ फूट मोजले, भिंतीवर रंगाचा फराटा ओढला आणि आजीने दिलेला चहा पिऊन पुढच्या घराकडे गेली. आराखड्यात आमची गल्ली रुंद व्हायची आहे. त्या नऊ फुटांत आमची ओसरी जाते आणि तिच्या कडेचा आडही जातो. अण्णांनी विचारले तेव्हा, नियमच तसा आहे, एवढेच उत्तर मिळाले. नियम कोणी केला आणि कोणते घर पाहून केला, हे त्या दोघांना ठाऊक असण्याचे कारणही नव्हते. गावाचे नाव मी येथे मुद्दाम देत नाही. असे फराटे पुष्कळ गावांत पुष्कळ भिंतींवर आहेत.

ही हकिकत मी आमच्या समाजशास्त्राच्या सरांना सांगितली. त्यांनी कपाटातून एक जुने पुस्तक काढून माझ्या हाती ठेवले. पुस्तक पॅट्रिक गेडिस यांच्याविषयी होते. हे नाव आपल्यापैकी समाजशास्त्र घेतलेल्या सर्वांनी पाठ केलेले आहे : मुंबई विद्यापीठातील समाजशास्त्र विभागाचे पहिले प्राध्यापक, १९१९. दोन गुणांचा प्रश्न. त्या दोन गुणांमागे केवढा माणूस उभा आहे याची मला कल्पना नव्हती, म्हणून हा लेख.

गेडिस यांचा जन्म २ ऑक्टोबर १८५४ रोजी स्कॉटलंडमधील बॅलटर या गावी झाला. वडील सैन्यातले. पॅट्रिक लहान असतानाच कुटुंब पर्थ शहराजवळ राहावयास गेले आणि त्यांचे बालपण तेथील टेकडीवरच्या लहानशा घरात, बागेत काम करण्यात गेले. पुढे ते वनस्पतिशास्त्र शिकायला एडिंबरोला गेले, पण तेथील शिक्षण पाहून आठवड्याभरातच परतले. मग लंडनला हक्सलेंच्या हाताखाली शिकले. पदवी मात्र त्यांनी कधीच घेतली नाही. (परीक्षेच्या दिवसांत हे वाक्य आपण वारंवार आठवायला हरकत नाही, पण घरी सांगू नये.)

१८७९ साली ते संशोधनासाठी मेक्सिकोला गेले असताना त्यांची दृष्टी एकाएकी अधू झाली. कित्येक आठवडे अंधाऱ्या खोलीत बसून राहावे लागले. सूक्ष्मदर्शकातून पाहणे हाच ज्याचा व्यवसाय, त्याच्यावर हा घाला किती मोठा! त्या काळोखात हात फिरवताना खिडकीच्या तावदानांच्या चौकटी बोटांना लागल्या आणि एकेका चौकोनात एकेक विषय मांडून विषयांचे परस्परसंबंध ताडण्याची त्यांची पद्धत तेथे जन्मली. दृष्टी परत आली, पण सूक्ष्मदर्शकावर पूर्वीसारखे काम होईना. वनस्पती आपल्या मातीत कशी वाढते हे पाहणारा माणूस मग हळूहळू माणसे आपल्या वस्तीत कशी वाढतात हे पाहू लागला. १८८८च्या सुमारास डंडी येथे त्यांना वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापकपद मिळाले. शिकवणे फक्त उन्हाळी सत्रात असे, बाकीचे वर्ष मोकळे. त्या मोकळ्या वर्षांतच त्यांचे खरे आयुष्य घडले.

त्यासाठी जुने एडिंबरो डोळ्यांपुढे आणले पाहिजे. डोंगराच्या कण्यावर वसलेले शहर, दोन्ही अंगांना उतरत जाणारे बोळ, आणि त्या बोळांत सहा-सहा, आठ-आठ मजल्यांची दगडी घरे. अठराव्या शतकात पलीकडे नवे, सरळ रस्त्यांचे शहर उभे राहिले आणि पैसेवाले तिकडे निघून गेले. जुन्या घरांत एकेका खोलीत एकेक कुटुंब राहू लागले. १८६१च्या नोव्हेंबरात हाय स्ट्रीटवरची एक जुनी इमारत रात्रीच्या वेळी कोसळली आणि ३५ माणसे दगावली. नगरपालिका जागी झाली. १८६७ साली सुधारणेचा कायदा झाला, जुनी वस्ती पाडून तीतून रुंद रस्ते काढण्यास सुरुवात झाली. जे पडले ते बहुतेक पडण्याच्याच लायकीचे होते, हे मान्य करायला हवे. पण तेथले भाडेकरू गेले कोठे? ते शेजारच्या बोळात गेले आणि तेथे दुप्पट दाटी झाली.

१८८६ साली गेडिस यांचा अ‍ॅना मॉर्टन यांच्याशी विवाह झाला. अ‍ॅना लिव्हरपूलच्या सधन व्यापाऱ्याची मुलगी. नवपरिणित जोडप्याने नव्या शहरातले नीटनेटके घर सोडले आणि ते जुन्या वस्तीतल्या जेम्स कोर्ट या चौकात राहायला गेले. गरिबांविषयी भाषण करणारे तेव्हाही होते, आजही आहेत. बायकोला घेऊन त्यांच्या जिन्यावर राहायला जाणारा विरळा. दोघांनी शेजाऱ्यांना हाताशी धरून चौक झाडला, भिंतींना सफेदी दिली, खिडक्यांत फुलझाडांच्या पेट्या ठेवल्या. मग एकेक घर निरखून, जे अगदीच मोडकळीस आले तेवढेच काढायचे, त्या जागेतून मागच्या चौकात ऊन आणि वारा आणायचा, आणि बाकीचे दुरुस्त करून घ्यायचे, असा क्रम लागला. १८८७ साली त्याच भागात विद्यार्थ्यांनीच कारभार पाहावा असे वसतिगृह त्यांनी काढले. कामगार एका भागात आणि शिकलेले दुसऱ्या भागात ही वाटणी त्यांना मान्य नव्हती. १८९२ साली टेकडीवरच्या उंच इमारतीत त्यांनी आउटलुक टॉवर उभा केला. वरच्या मजल्यावर अंधाऱ्या खोलीतील भिंगातून साऱ्या शहराचे चित्र मेजावर उमटे. आधी ते पाहायचे, मग मजलागणिक खाली उतरत शहर, देश आणि जग समजून घ्यायचे. आधी पाहणी, मग योजना, हे त्यांचे सूत्र तेथे दगडात बांधलेले होते.

पैशाचा हिशेब मात्र त्यांना कधीच जमला नाही. घरे घेण्यात आणि दुरुस्त करण्यात ते इतके अडकले की १८९६ साली मित्रांना मंडळी काढून तो कारभार आपल्याकडे घ्यावा लागला. आणि त्यांनी उभारलेल्या रॅम्से गार्डनच्या देखण्या घरांत शेवटी प्राध्यापक मंडळीच राहायला आली, हेही नोंदवून ठेवतो.

१९१४ साली मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड पेंटलंड यांच्या निमंत्रणावरून ते हिंदुस्थानात आले. वय साठ. जगातील शहरांचे नकाशे आणि चित्रे यांचे मोठे प्रदर्शन ज्या बोटीतून येत होते ती बोट जर्मन एम्डेन जहाजाने बुडवली. पंचवीस-तीस वर्षांचे संचित समुद्राच्या तळाशी गेले. मित्रांनी धावाधाव करून नवे साहित्य पाठवले आणि १९१५च्या आरंभी मद्रासला प्रदर्शन भरलेसुद्धा.

पुढची काही वर्षे हा पांढऱ्या दाढीचा माणूस आपल्या देशातील गल्ल्याबोळांतून पायी हिंडत होता. तंजावर, मदुरा, लाहोर, बलरामपूर अशा गावांचे अहवाल त्यांनी लिहिले. मुंबई इलाख्यातील सहा गावांच्या पुनर्रचनेचा अहवालही १९१५चाच. जेथे जात तेथे त्यांना इंजिनियरांनी काढलेला नकाशा दाखवला जाई : जुन्या वस्तीवर मोजपट्टी ठेवून आखलेला सरळ, रुंद रस्ता. गेडिस तो नकाशा घेऊन त्या गल्लीतच जात. कोणते घर अजून धडधाकट आहे, पिंपळाखाली कोण बसते, बायका पाणी कोठून आणतात, हे पाहत. मग ध्यानी येई की, नकाशातला रस्ता चांगल्या घरांना उडवतो आणि शेजारची पडकी जागा तशीच सोडतो. त्यांचा उपाय वैद्याचा होता. हात कापण्याआधी गळू कोठे आहे ते पाहा. दोन-चार पडकी घरे काढा, तेथे लहानसा चौक करा, झाड लावा, वळण सोडवा. गावाचा श्वास मोकळा होतो, खर्चाचा मोठा भाग वाचतो आणि माणसे घराबाहेर पडत नाहीत. त्यांचा मुख्य आक्षेप असा की, रुंदीचा नियम आरोग्यासाठी केला म्हणतात, पण घरे पाडून माणसे दुसऱ्या वस्तीत कोंबली तर रोग कमी होत नाही, केवळ जागा बदलतो, आणि भाडे वाढते ते वेगळेच. हिवतापाच्या भीतीने तळी बुजवण्यासही त्यांचा विरोध होता. तळ्याने हवा थंड राहते. डासांचा बंदोबस्त मासे आणि बदके करतात. तळे स्वच्छ ठेवा म्हणजे झाले.

या साऱ्यात इंदूरचे काम मला सर्वांत जवळचे वाटते. तुकोजीराव होळकर तिसरे यांच्या राज्यात प्लेगने लोक हैराण होते. घाण काढा म्हणून हुकूम सोडण्याऐवजी गेडिसांनी दिवाळीची मिरवणूक योजली. चरित्रकार सांगतात की, त्यांनी स्वतःला एका दिवसापुरता महाराजांचा अधिकार मागून घेतला आणि मिरवणूक नेहमीच्या मार्गाने न जाता ज्या मोहल्ल्यातली घरे आणि रस्ते सर्वांत स्वच्छ असतील तेथून जाईल असे जाहीर केले. झाले! गाड्याच्या गाड्या भरून कचरा निघाला, घरोघर रंगसफेदी झाली. मिरवणुकीत घाणीचा राक्षस होता, प्लेगचा प्रचंड उंदीर होता, आणि हारतुरे घातलेले, शुभ्र कपड्यांतले सफाई कामगार मानाने चालत होते. शेवटी राक्षस आणि उंदीर जाळले आणि लोकांना तुळशीची रोपे वाटली. तुळशीवृंदावन ही नुसती पूजेची वस्तू नसून निगुतीने राखलेल्या घराची ती खूण आहे, हे त्यांनी अहवालात लिहून ठेवले. आपल्या अंगणातली गोष्ट एका स्कॉटिश माणसाने इतक्या आदराने पाहावी, याचे मला नवल वाटत राहते. १९१८ साली निघालेला इंदूरचा अहवाल दोन खंडांचा आहे.

याच काळात घरावर आघात झाले. मोठा मुलगा अ‍ॅलस्डेअर, जो त्यांच्याबरोबर प्रदर्शन घेऊन येथे आला होता, १९१७च्या एप्रिलमध्ये फ्रान्सच्या रणभूमीवर मारला गेला. अ‍ॅनाबाई तेव्हा कलकत्त्यात आजारी होत्या. मुलगा गेल्याचे त्यांना कळू दिले नाही, आणि त्याच उन्हाळ्यात त्याही गेल्या. हे गुपित उराशी धरून तो माणूस तिच्या उशाशी कसा बसला असेल, याविषयी मी अधिक लिहू शकत नाही.

१९१९ ते १९२४ ते मुंबईत प्राध्यापक होते. १८९६च्या प्लेगनंतर १८९८ साली स्थापन झालेल्या सुधारणा मंडळाने पाडापाड करून रस्ते काढले होते, आणि गेडिस येथे असतानाच डेव्हलपमेंट खात्याच्या चाळी उठू लागल्या : वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी मिळून २०७ चाळी, आणि एकेका कुटुंबाला १६० चौरस फुटांची एक खोली. माणूस राहतो त्याला घर म्हणायचे की माल रचून ठेवतो ते, अशा अर्थाची टीका त्यांनी मुंबईच्या चाळींवर केली. त्या खोल्यांत गिरणगावाच्या पिढ्या वाढल्या, गणपती बसले, नाटके बसली. ते श्रेय खोलीच्या मापाचे नाही, राहणाऱ्यांचे आहे, असे मला वाटते. वर्गात मात्र गेडिस फार कठीण असत. दाढीतल्या दाढीत बोलत आणि एका विषयातून दहा विषयांत शिरत. पण पारख अचूक. मालवणच्या गोविंद सदाशिव घुर्ये यांची शिफारस त्यांनीच केली. घुर्ये विलायतेहून परतले आणि १९२४ साली विभागाची सूत्रे त्यांनी हाती घेतली. हिंदी समाजशास्त्राची पुढची वाट तेथून निघाली.

प्रकृती ढासळल्याने १९२४ साली गेडिस फ्रान्समधील माँपेलिए येथे गेले. १९२५ साली त्यांनी तेल अवीव शहराची योजना दिली. मोठे रस्ते थोडे, त्यांच्यामध्ये बुटक्या घरांची वस्ती, आत अरुंद शांत गल्ल्या आणि वस्तीच्या पोटात बाग. नियमाला त्यांचा विरोध नव्हता हे यावरून दिसते. न पाहता केलेल्या नियमाला होता. पुढे तेथे ठरल्यापेक्षा उंच घरे झाली, पण बागा आणि गल्ल्या पुष्कळशा टिकल्या. २००३ साली युनेस्कोने त्या भागाला जागतिक वारसा म्हटले. बाकी त्यांच्या बहुसंख्य योजना कागदावरच राहिल्या. १९३२ साली त्यांना सर हा किताब मिळाला आणि त्याच वर्षी १७ एप्रिलला माँपेलिए येथे त्यांचे निधन झाले.

पुस्तक परत करण्याआधी मी आणि माझे दोन वर्गमित्र फीत घेऊन आमच्या गल्लीत हिंडलो. घरे ४१, आड तीन, पार एक. टेम्पो अडतो तो एकाच ठिकाणी : कोपऱ्यावरच्या, गेली बारा वर्षे कुलूप असलेल्या, निम्म्या पडलेल्या वाड्याशी. तेवढा कोपरा मोकळा झाला तर रुग्णवाहिका वळते, असे आमच्या मोजणीत निघाले. समोरच्या काकांना मात्र रुंद रस्ताच हवा आहे. त्यांच्या आईला दुखणे आले त्या रात्री तिला खाटेवर घालून सडकेपर्यंत न्यावे लागले होते. त्यांच्याशी मी वाद घालू शकलो नाही. त्यांची हरकतही आम्ही नकाशाच्या कडेला लिहून घेतली आहे. अण्णांनी तो नकाशा आमच्या हरकतीच्या अर्जाला जोडला. सुनावणीची तारीख अजून आलेली नाही. एक प्रत समाजशास्त्र विभागाच्या कपाटात, त्या पुस्तकाशेजारी ठेवली आहे.