चिमणीचं नाव विचारणारा मुलगा : डॉ. सालिम अली

चैत्र आला की आमच्या दुधनीकडे ऊन चटके देऊ लागतं. ज्वारीची काढणी झालेली असते आणि हिवाळाभर कणसांवर ताव मारणाऱ्या भोरड्यांचे थवे परतीला लागतात. अशा वेळी मुलं हमखास विचारतात, "सर, हे पक्षी जातात कुठं?" या प्रश्नावरून मला नेहमी सालिम अली आठवतात.

त्यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. आई-वडील लहानपणीच गेले. मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांनी त्यांना सांभाळलं. दहा-बारा वर्षांच्या सालिमने छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कोणती चिमणी? मामांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवलं. तिथल्या मिलार्डसाहेबांनी पोराला हाकललं नाही. कपाटं उघडून पेंढा भरलेले पक्षी दाखवले. बस्स, आयुष्याची दिशा ठरली!

शाळेत मात्र हा मुलगा काही हुशार नव्हता. मॅट्रिक जेमतेम पास झाला. पुढे विद्यापीठाची पदवी नाही म्हणून पक्षीशास्त्रज्ञाची सरकारी नोकरी हुकली. मुंबईच्या संग्रहालयात मार्गदर्शकाचं काम मिळालं. तिथून रजा घेऊन ते जर्मनीत बर्लिनला शिकून आले, तर १९३० मध्ये पैशाअभावी ती जागाच रद्द झालेली!

मग ते पत्नी तेहमिना यांच्यासह उत्तर कोकणात, अलिबागजवळच्या किहीम गावी राहायला गेले. समुद्रकाठच्या त्या गावात पावसाळाभर त्यांनी सुगरणींची घरटी न्याहाळली. आपण सुगरण म्हणतो खरं, पण घरटं विणतो तो नर! अर्धवट विणलेलं घरटं मादी येऊन पाहते, पसंत पडलं तरच संसार मांडते. मग नर ते पुरं करतो आणि लगेच दुसरं विणायला घेतो. बेकारीच्या दिवसांतल्या या अभ्यासाने त्यांचं नाव झालं.

१९३९ मध्ये तेहमिना गेल्या. या धक्क्यानंतरही काम थांबलं नाही. १९४१ मध्ये भारतीय पक्ष्यांवरचं त्यांचं प्रसिद्ध पुस्तक आलं. पुढे डिलन रिप्ले यांच्यासोबत दहा खंडांचा ग्रंथ झाला. १९७६ मध्ये पद्मविभूषण मिळालं. आपल्या नान्नजच्या माळरानावरचा माळढोक राष्ट्रीय पक्षी व्हावा, असं त्यांचं मत होतं. १९६३ मध्ये तो मान मोराला मिळाला. आज माळढोक दिसणंही दुर्मीळ झालंय. २० जून १९८७ रोजी सालिम अली गेले.

पालकहो, ओढ्याकाठच्या बाभळीवर गेल्या वर्षीची सुगरणीची घरटी अजून लोंबत असतील. एखाद्या सकाळी मुलांना घेऊन जा. अर्धवट राहिलेलं घरटं सापडतं का, ते त्यांनाच शोधू द्या. त्यांनी विचारलेलं उत्तर आपल्याला आलं नाही तरी चालेल. मामांनाही त्या चिमणीचं नाव ठाऊक नव्हतं. त्यांनी फक्त विचारायला पाठवलं.