गोट्यांचा हिशेब आणि एमिली

मैत्रिणींनो, भौतिकशास्त्र म्हटलं की बऱ्याच जणींच्या पोटात गोळा येतो. मीही आर्ट्सचीच! पण मुलांच्या अभ्यासात टक्करीची गणितं आली की मला एमिली द्यु शातले आठवते.

१७०६ साली पॅरिसच्या बड्या घराण्यात ती जन्मली. अठराव्या वर्षी लग्न झालं, पुढे तीन मुलं झाली. धाकटं तान्हेपणीच गेलं. मुलींना विद्यापीठाची दारं बंद होती. तिने घरीच शिक्षक बोलावून गणित शिकून घेतलं.

तेव्हा विद्वानांत वाद होता, धावत्या वस्तूचा जोर मोजायचा कसा? न्यूटनला मानणारे म्हणत, वस्तुमान गुणिले वेग. जर्मनीचा लायब्निट्झ म्हणे, वेगाचा वर्ग घ्या. हॉलंडच्या ग्रावेसांडेने पितळी गोळे ओल्या मातीत टाकून पाहिले होते. वेग दुप्पट, तर खड्डा चौपट! एमिलीने १७४० च्या आपल्या पुस्तकात लायब्निट्झची बाजू घेतली. तिचा जिवलग मित्र व्हॉल्तेअर विरुद्ध बाजूचा होता, तरी ती ढळली नाही. फ्रेंच विज्ञान अकादमीच्या सचिवांनी टीका केली, तर १७४१ मध्ये तिने छापील उत्तर दिलं.

आज दोन्ही हिशेब लागतात. सारख्या वजनाच्या दोन गोट्या घ्या. एक ६ च्या वेगाने येऊन थांबलेलीवर सरळ आदळली. नुसत्या वेगाची बेरीज पाहिली तर दोघी ३-३ ने गेल्या, असंही उत्तर जुळतं. पण वर्ग करा. आधी ३६, नंतर ९ अधिक ९, म्हणजे १८ च. ऊर्जा वाया न जाणाऱ्या टकरीत हे चालत नाही. म्हणून पहिली थांबते आणि दुसरी ६ ने पळते. अंगणात पोरं रोज हेच तर बघतात!

१७४९ मध्ये, बेचाळिसाव्या वर्षी तिला दिवस गेलेले होते. यातून आपण वाचणार नाही, अशी धास्ती तिला होती. हाती न्यूटनच्या ग्रंथाचं फ्रेंच भाषांतर होतं. रात्र रात्र जागून तिने ते पुरं केलं. सप्टेंबरात मुलगी झाली आणि सहाच दिवसांत एमिली गेली. ग्रंथ पूर्णपणे छापून आला तो १७५९ मध्ये.

तिने ते काम उद्यावर टाकलं असतं तर? आपणही घरच्या व्यापात स्वतःचं काहीतरी रोज उद्यावर ढकलतो. एमिलीची गोष्ट मला तिथेच टोचते.