गिरणी कामगाराच्या मुलाचे भिंग

गिरणीत राबणाऱ्या बापासाठी डबा घेऊन निघालेले पोर सोलापूरला नवे नाही. जर्मनीतल्या आयझेनाख गावातही असेच एक पोर होते: अर्न्स्ट ॲबे, जन्म १८४०. वडील सूतगिरणीत चौदा ते सोळा तास काम करत आणि जेवणही यंत्राला टेकून, उभ्यानेच उरकत. गिरणीमालकांनी या हुशार मुलाच्या शिक्षणाला मदत केली. पुढे ॲबे येना विद्यापीठात शिकवू लागले.

१८६६ मध्ये सूक्ष्मदर्शक बनवणारे कार्ल झाइस त्यांच्याकडे आले. तेव्हा भिंगे अंदाजाने घासून, जुळवून बनत. एकासारखे दुसरे निघत नसे. ॲबेंनी गणित मांडले आणि प्रतिमेतले दोष टाळण्यासाठी भिंगाचे तोंड अरुंद ठेवले. प्रतिमा जुन्या भिंगांपेक्षाही वाईट आली! कारण शोधताना नियम हाती लागला. वस्तूवरून फाकणाऱ्या लहरी भिंग जितक्या रुंद कोनातून गोळा करते, तितका बारीक तपशील दिसतो. मात्र लहरीच्या लांबीच्या साधारण निम्म्याहून जवळचे दोन ठिपके वेगळे दिसत नाहीत. हे त्यांनी १८७३ मध्ये प्रसिद्ध केले.

ॲबेंचा प्रकाशसंग्राहक आणि तेलाच्या थेंबातून पाहणारे भिंग वापरून रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्ये क्षयाचे जंतू दाखवले. आजही थुंकीच्या तपासणीत तेलाचा तो थेंब लागतो.

हा नियम आवाजालाही लागू पडतो. १९७० च्या दशकात स्टॅनफर्डमध्ये ध्वनी-सूक्ष्मदर्शक तयार झाला. त्याचे भिंग म्हणजे नीलमण्याच्या दांड्याच्या टोकाला कोरलेली चिमुकली वाटी. तेलाच्या जागी पाणी. सेकंदाला शंभर कोटी कंपने असली, तर पाण्यातली ध्वनिलहर दीड मायक्रॉनची होते. वाटीचा कोन पुरेसा रुंद असेल, तरच धातूच्या पृष्ठभागावरून धावणारी लहर उठते. तिच्या वेगावरून धातूचा ताठपणा काढता येतो. गोल वाटी सर्व दिशांचा एकत्रित वेग देते, तर पन्हळीसारखे भिंग एकाच दिशेचा. म्हणून कोणते भिंग वापरले हे कळल्याशिवाय मोजमापाचा आकडा वाचता येत नाही.

झाइस १८८८ मध्ये वारले. पुढच्याच वर्षी ॲबेंनी कार्ल झाइस प्रतिष्ठान स्थापले आणि नंतर कारखान्यातली आपली मालकी त्याच्या हवाली केली. कामगारांना भरपगारी रजा व निवृत्तिवेतन मिळाले आणि १९०० मध्ये कामाचा दिवस आठ तासांचा झाला. वडिलांच्या दिवसाच्या जवळजवळ निम्मा. १९०५ मध्ये ॲबे गेले.