जमनालालजींचा हिशेब

गेल्या वर्षी महाविद्यालयाच्या वक्तृत्व स्पर्धेत मी श्रीमंतांच्या दानधर्माविरुद्ध बोलले. मांडणी अगदी सोपी होती. शेठजी धर्मशाळा बांधतात, शाळेला देणगी देतात, दगडावर नाव कोरून घेतात. तिजोरीची किल्ली मात्र त्यांच्याच कमरेला राहते. टाळ्या पडल्या. दुसरे बक्षीसही मिळाले. स्पर्धा संपल्यावर आमच्या एका सरांनी मला बाजूला बोलावून विचारले, की वर्ध्यात राहून या विषयावर बोलताना तुला जमनालाल बजाजांचे नाव एकदाही कसे आठवले नाही? मी निरुत्तर झाले. आपल्या गावचा माणूस आपल्याला पुतळ्यापुरताच ठाऊक असतो, हेच खरे. त्यानंतर मी ग्रंथालयातून त्यांची चरित्रे आणून वाचली. मगनवाडी, लक्ष्मीनारायण मंदिर, गोपुरी ही ठिकाणे पुन्हा डोळे उघडे ठेवून पाहिली. मनात प्रश्न एकच होता : या माणसाने नुसता पैसा दिला, की पैशाबरोबर आपली सत्ताही दिली?

जमनालालजींचा जन्म ४ नोव्हेंबर १८८९ रोजी राजस्थानात सीकरजवळच्या काशी का बास या खेड्यात झाला. आईवडील, बिरदीबाई आणि कनीराम, साधे व गरीब. वर्ध्याचे धनाढ्य व्यापारी शेठ बच्छराज यांनी या मुलाला नातू म्हणून दत्तक घेतले. मूल जेमतेम पाच वर्षांचे. वाळवंटातल्या खेड्यातून ते एकदम कापसाच्या मुलखातल्या वाड्यात आले. शाळेचे शिक्षण थोडेच झाले. खरे शिक्षण पेढीवरचे. टिळकांच्या 'केसरी'ची हिंदी आवृत्ती नागपुराहून निघणार हे कळताच, घरून मिळणाऱ्या हातखर्चातून साठवलेले १०० रुपये या पोराने पाठवून दिले होते. पुढे त्यांनी लाखांनी दिले. पण मला वाटते, ते शंभर रुपये सर्वांत जड होते.

त्यांच्या आयुष्याची दिशा ठरली ती सतराव्या वर्षी. एका लग्नाला दागिने घालून जाण्यावरून बच्छराजजी संतापले आणि आपण दिलेल्या पैशाची त्यांनी आठवण करून दिली. जमनालालजींनी उलट उत्तर केले नाही. आपला या संपत्तीवर काहीही हक्क नाही, असे मुद्रांकाच्या कागदावर लिहून दिले आणि ते नेसत्या वस्त्रानिशी घराबाहेर पडले. म्हाताऱ्याचे मन द्रवले. समजूत घालून त्यांना परत आणले गेले. १९०७ मध्ये बच्छराजजी वारले आणि सारी इस्टेट जमनालालजींच्या हाती आली. पण जो हक्क आपण सोडला तो सोडलाच, ही खूणगाठ त्यांनी मनाशी बांधली होती. पैसा आपल्याकडे आहे, आपला नाही. विश्वस्त हा शब्द गांधीजींकडून ऐकण्यापूर्वीच त्याचा अर्थ त्यांना असा घरच्या भांडणातून कळला होता.

गांधीजी १९१५ मध्ये आफ्रिकेतून परतले. जमनालालजी त्यांच्या आश्रमात जाऊन राहिले, त्यांनी या माणसाला जवळून पारखले आणि मग स्वतःला वाहून टाकले. १९२० च्या नागपूर काँग्रेसचे ते स्वागताध्यक्ष होते. त्याच वेळी त्यांनी गांधीजींकडे एक अजब मागणी केली : मला तुमचा पाचवा पुत्र माना. श्रीमंत बापाने गरिबाचा मुलगा दत्तक घ्यावा हे आपण पाहतो; इथे श्रीमंत मुलाने फकिराला बाप म्हणून मागून घेतले. सरकारने दिलेली रायबहादुरकी त्यांनी १९२१ मध्ये परत केली. वकिली सोडून असहकारात उतरलेल्यांच्या निर्वाहासाठी टिळक स्वराज्य फंडाला १ लाख रुपये दिले. काँग्रेसचे खजिनदारपद तर मरेपर्यंत सांभाळले. घरातले विदेशी कपडे होळीत गेले. पत्नी जानकीदेवींनी दागिने उतरवले, पडदा सोडला. मारवाडी समाजातल्या स्त्रीने त्या काळी हे करणे म्हणजे काय, याची कल्पना आज आम्हां मुलींना यायची नाही.

१९२३ च्या नागपूरच्या झेंडा सत्याग्रहात त्यांना १८ महिन्यांची शिक्षा आणि ३ हजार रुपये दंड झाला. दंड भरला नाही म्हणून सरकारने मोटार व घोडागाडी जप्त केली. पण लिलावात बोली लावायला इथला एकही माणूस पुढे येईना. शेवटी ती वाहने प्रांताबाहेर न्यावी लागली. लोकांच्या मनात त्यांची जागा कोठे होती, ते त्या मुक्या लिलावाने दाखवून दिले.

आता माझ्या प्रश्नाकडे वळते. वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर हे बजाज घराण्याचे. जुलै १९२८ मध्ये जमनालालजींनी ते अस्पृश्य मानल्या गेलेल्या बांधवांना खुले केले. जातभाईंनी बहिष्काराचे शस्त्र उगारले. ते ढळले नाहीत. घराण्याच्या विहिरीही त्यांनी सर्वांना मोकळ्या केल्या. या देण्यात एक पैही खर्च झाली नाही, आणि तरी माझ्या मते त्यांचे हे सर्वांत मोठे दान. कोणाला आत घ्यायचे आणि कोणाला दाराशी थांबवायचे, हा अधिकारच त्यांनी सोडून दिला. मात्र इथे एक गोष्ट विसरून चालणार नाही. १९२७ मध्ये महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांबरोबर हजारो माणसे तळ्यावर गेली ती कोणा मालकाच्या परवानगीने नव्हे. नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह १९३० मध्ये सुरू होऊन वर्षानुवर्षे चालला, तरी दार उघडले नाही. मालकाने दार उघडणे ही उदारता. माणसाने हक्क म्हणून आत जाणे हा न्याय. जमनालालजींनी पहिली गोष्ट केली. तिने दुसरीची गरज संपत नाही.

गांधीजी वर्ध्यात राहायला आले तेही त्यांच्याच आग्रहामुळे. त्याआधी १९२१ मध्ये विनोबा इथे आश्रमाची शाखा चालवायला आले होते. १९३४ च्या अखेरीस ग्रामोद्योग संघ निघाला तेव्हा जमनालालजींनी आपला बगीचा आणि घर त्यासाठी देऊन टाकले. तीच मगनवाडी. तिथे जे. सी. कुमारप्पांनी तेलघाणी, हातकागद, मधमाशीपालन असे उद्योग उभे केले. निसर्गाकडून जितके घ्यावे तितके त्याला परत द्यावे, नाहीतर ही अर्थव्यवस्था टिकायची नाही, हा विचार त्यांनी १९४५ मध्ये ग्रंथरूपाने मांडला. तो आज सारे जग नव्याने शिकू पाहत आहे. त्याची प्रयोगशाळा एका शेठजींची बाग होती. शेगावची मालगुजारी जमनालालजींकडे होती. गांधीजी १९३६ मध्ये तिथे जाऊन राहिले आणि १९४० मध्ये त्या गावाचे नाव सेवाग्राम झाले. पवनारला धाम नदीच्या काठचा बंगला त्यांनी १९३८ मध्ये आजारी विनोबांच्या स्वाधीन केला. या सर्वांत मला एक समान सूत्र दिसते. दिल्यानंतर तिथे काय चालावे, हे त्यांनी ठरवले नाही. मगनवाडीत कुमारप्पांचा शब्द चाले, पवनारला विनोबांचा. देणारा बाजूला झाला, म्हणून घेणारा मोठा होऊ शकला.

अर्थात हिशेब पुरा मांडायचा तर खर्चाची बाजूही लिहिली पाहिजे. जमनालालजींनी व्यापार सोडला नाही. १९३१ मध्ये त्यांनी साखर कारखाना काढला. पेढी आणि कारखाने घराण्याकडेच राहिले आणि पुढे त्यांचा फार मोठा विस्तार झाला. त्यांच्या जिनिंगमध्ये कापूस आणणाऱ्या शेतकऱ्याच्या हाती भाव ठरवण्याची सत्ता आली नाही. आपल्याकडची मालगुजारी संपली तीही १९५१ मध्ये कायद्याने, कोणाच्या दानाने नव्हे. विश्वस्त मालक चांगला असेल तोवर ठीक. तो चांगला नसेल तर काय, या प्रश्नाला त्यांचे चरित्र उत्तर देत नाही. माझ्या भाषणातला तेवढा मुद्दा मी आजही मागे घेणार नाही.

पण अखेरच्या दिवसांत ते स्वतःच याच्या पलीकडे निघाले होते असे वाटते. वैयक्तिक सत्याग्रहातला तुरुंगवास सोसून प्रकृती ढासळली होती. १९४१ मध्ये त्यांनी गोसेवेचे काम अंगावर घेतले आणि वाडा सोडून ते गोपुरीला झोपडीत राहू लागले. देशातल्या मोठमोठ्या पुढाऱ्यांचे यजमानपद करणारा हा माणूस स्वतः गायींची देखभाल करू लागला. आपला वर्धा जिल्हा म्हणजे गवळाऊ गुरांचा मुलूख. गाय, शेण, शेत आणि बैल यांवर इथल्या कोरडवाहू शेतकऱ्याचा संसार उभा, हे त्यांनी नेमके ओळखले होते. हे समाधान फार दिवस लाभले नाही. ११ फेब्रुवारी १९४२ रोजी मेंदूतील रक्तस्रावाने त्यांचा अंत झाला. वय अवघे ५२. जानकीदेवींनी आपल्या वाट्याची संपत्ती गोसेवेला देऊन टाकली. पुढे विनोबांच्या भूदान चळवळीत, जमीन मिळाली पण पाणी नाही अशा शेतकऱ्यांसाठी त्यांनी कूपदानाचे काम केले, विहिरींसाठी गावोगाव मागत फिरल्या. शेठाणी मागायला निघाली! आज त्यांच्या घराण्यातील एक फाउंडेशन याच जिल्ह्यात नाले-नद्यांच्या खोलीकरणाचे आणि जलसंधारणाचे काम करते. त्या कामाला माझी एकच कसोटी राहील : पाणी अडल्यावर त्याचा वाटा कोणी ठरवायचा? तो गावाने ठरवला, तर जमनालालजींचा वारसा चालू आहे असे समजावे.

परवा मी पुन्हा गोपुरीला गेले होते. तिथे १९८० मध्ये उभारलेले गीताई मंदिर आहे. त्याला मूर्ती नाही, छप्पर नाही; दगडी शिळांवर विनोबांची 'गीताई' कोरलेली आणि वर मोकळे आभाळ. दार नसलेल्या मंदिराची किल्ली कोणाच्याच कमरेला असू शकत नाही. तिथे बराच वेळ बसले. यंदाच्या स्पर्धेत पुन्हा तोच विषय निघाला तर मी कोणत्या बाजूने बोलेन, हे अजून ठरलेले नाही. एवढे मात्र नक्की, की या खेपेला जमनालालजींचे नाव मी पहिल्या वाक्यात घेईन.