वर्गाबाहेरचे गुरुजी : स्वामी रामानंद तीर्थ

हैदराबाद संस्थानच्या मुक्तिलढ्याचे सेनानी म्हणून स्वामी रामानंद तीर्थ यांचे नाव सर्वतोमुखी आहे. परंतु या सेनानीची घडण एका खेडेगावातील शाळेत झाली, ही गोष्ट त्यांच्या राजकीय कर्तृत्वाच्या तेजात काहीशी झाकोळून गेली. स्वामीजी मुळात शिक्षक होते. शाळा सोडल्यावरही त्यांनी शिक्षकाचे व्रत सोडले नाही. त्यांच्या जीवनाकडे या दृष्टीने पाहिले, म्हणजे त्यातील अनेक निर्णयांचा अर्थ उलगडतो.

स्वामीजींचे पूर्वाश्रमीचे नाव व्यंकटेश भवानराव खेडगीकर. त्यांचा जन्म ३ ऑक्टोबर १९०३ रोजी विजापूर जिल्ह्यातील सिंदगी येथे झाला. सोलापूरला शिक्षण चालू असताना १९२० साल उजाडले. १ ऑगस्टला लोकमान्य टिळकांचे निधन झाले आणि त्याच सुमारास असहकाराच्या चळवळीने देश ढवळून निघाला. आजन्म ब्रह्मचारी राहून देशसेवा करण्याचा निश्चय व्यंकटेशने केला तो त्याच वेळी. सरकारी शाळा सोडून त्यांनी पुढील शिक्षण राष्ट्रीय शिक्षणसंस्थांत घेतले. पुण्याच्या टिळक महाविद्यालयात त्यांनी लोकशाहीच्या विकासावर प्रबंध लिहिला. त्यानंतर कामगार नेते ना. म. जोशी यांचे सहायक म्हणून काही काळ त्यांनी मजूर चळवळीचे काम केले. मात्र गंभीर आजाराने त्यांना गाठले आणि हे धकाधकीचे काम सोडावे लागले.

१९२९ साली ते हैदराबाद संस्थानात आले, ते उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यातील हिप्परगा या गावी. तेथे व्यंकटराव देशमुख आणि अनंतराव कुलकर्णी यांनी १९२१ मध्ये राष्ट्रीय शाळा स्थापन केली होती. शिक्षकी पेशात व्यंकटेश खेडगीकर नवखे होते. वय अवघे पंचविशीचे, प्रकृती खचलेली आणि पाठीशी कामगारांच्या वस्त्यांतील अनुभव; एवढ्या शिदोरीवर त्यांनी मुख्याध्यापकपद स्वीकारले. हिप्परगा हीच त्यांच्या दृष्टीने अध्यापनाची कार्यशाळा ठरली.

त्या काळी संस्थानात अशी शाळा चालविणे किती दुष्कर होते, याची कल्पना आजच्या वाचकांना यावी म्हणून थोडी पार्श्वभूमी सांगणे आवश्यक आहे. तेलुगू, मराठी आणि कन्नड भाषकांची मोठी संख्या असलेल्या या राज्यात माध्यमिक व उच्च शिक्षणाची भाषा उर्दू होती. १९१८ साली स्थापन झालेले उस्मानिया विद्यापीठही उर्दू माध्यमाचे. खाजगी शाळा काढण्यासाठी सरकारची परवानगी लागे. ‘गश्ती निशाण ५३’ या नावाने कुप्रसिद्ध झालेल्या हुकुमामुळे पूर्वपरवानगीशिवाय सभाही घेता येत नसे. अशा वातावरणात शाळा, वाचनालये आणि गणेशोत्सव हीच लोकजागृतीची साधने उरली होती. राजधानीत केशवराव कोरटकर, वामनराव नाईक प्रभृतींनी १९०७ मध्ये विवेकवर्धिनीचे रोप लावले, ते याच जाणिवेने. ग्रंथालयांच्या उभारणीमागील प्रेरणाही त्याहून निराळी नव्हती. मातृभाषेतील पुस्तक हाती पडणे हीसुद्धा त्या काळी एक प्रकारची मुक्ती होती.

हिप्परग्याची शाळा ही निवासी स्वरूपाची. तेथे शिक्षकाचे काम घंटेबरोबर संपणारे नव्हते. गुरुजी आणि विद्यार्थी एकाच आवारात राहत. अभ्यासाइतकेच महत्त्व शरीरश्रमाला, व्यायामाला आणि सूतकताईला असे. अशा सहवासात शिक्षक काय शिकवितो यापेक्षा तो कसा जगतो, हेच मुले अधिक बारकाईने पाहतात. हिप्परग्याच्या वास्तव्यातच खेडगीकर गुरुजींनी स्वामी नारायण तीर्थ यांच्याकडून संन्यासदीक्षा घेतली आणि ते रामानंद तीर्थ झाले. स्वामी रामतीर्थांच्या विचारांचा प्रभाव त्यांच्या मनावर पूर्वीपासूनच होता. संन्यास घेऊन ते हिमालयाच्या वाटेला लागले नाहीत. भगवी वस्त्रे परिधान करून ते पुन्हा त्याच मुलांत उभे राहिले. स्वतःचे घर नसलेल्या या माणसाने शाळेलाच घर मानले होते.

१९३५ साली स्वामीजी बाबासाहेब परांजपे यांच्यासारख्या सहकाऱ्यांसह अंबाजोगाईच्या योगेश्वरी विद्यालयाच्या कार्यात सामील झाले. हिप्परग्याचे संस्कार आता मोठ्या गावातील मोठ्या शाळेत पोहोचले. येथूनच मराठवाड्यातील तरुणांची एक पिढी त्यांच्याभोवती गोळा होऊ लागली. १९३७ साली परतूर येथे महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले आणि स्वामीजी त्या परिषदेच्या कामात ओढले गेले. पुढे हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापन होण्यापूर्वीच निजाम सरकारने तिच्यावर बंदी घातली, तेव्हा १९३८ मध्ये सत्याग्रहाचा निर्णय झाला. स्वामीजींपुढे कठीण प्रसंग उभा राहिला. शाळेत राहून सत्याग्रह करावा, तर सरकारचा रोष शाळेवर आणि पर्यायाने मुलांवर कोसळणार. शाळा सोडावी, तर इतक्या वर्षांची साधना मोडणार. त्यांनी शाळा सोडली आणि ऑक्टोबरात सत्याग्रह करून कारावास पत्करला.

त्याच वर्षाच्या अखेरीस उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहांतून ‘वंदे मातरम्’ म्हणण्यास बंदी झाली. विद्यार्थ्यांनी ती जुमानली नाही आणि शेकडो जणांना विद्यापीठातून काढून टाकण्यात आले. त्यांच्यापैकी अनेकांना नागपूर विद्यापीठाने आसरा दिला. पुढे भारताचे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हे याच पिढीचे विद्यार्थी. स्वामीजींना ते अखेरपर्यंत गुरुस्थानी मानीत. ज्यांना स्वामीजींनी वर्गात एक अक्षरही शिकविले नव्हते, अशा तेलुगू आणि कन्नड भाषक तरुणांनीही त्यांना आपले गुरू मानले. मराठी शाळेच्या गुरुजींचा वर्ग आता संस्थानच्या सीमांएवढा विस्तारला होता.

मात्र या नात्याची खरी कसोटी १९४७ साली लागली. निजामाने भारतात विलीन होण्यास नकार दिला, तेव्हा स्टेट काँग्रेसचे अध्यक्ष या नात्याने स्वामीजींनी लढ्याची हाक दिली. १५ ऑगस्टलाच त्यांना अटक झाली. दिगंबरराव बिंदू यांच्या अध्यक्षतेखालील कृती समितीने आणि गोविंदभाई श्रॉफ यांच्यासारख्या सहकाऱ्यांनी लढा पुढे चालविला. शाळा-महाविद्यालयांतून विद्यार्थी बाहेर पडले, कित्येक सरहद्दीवरील शिबिरांत दाखल झाले. मुलांनी शिकावे म्हणून ज्याने आपल्या आयुष्याची उमेदीची वर्षे वेचली, त्याच्याच हाकेवर मुलांनी पुस्तके मिटली. त्यांतील काहींचे शिक्षण कायमचे खुंटले, काहींना प्राणही गमवावे लागले. शिक्षकाने विद्यार्थ्यांकडून मागावी अशी याहून मोठी गुरुदक्षिणा नाही, आणि तिचे ओझेही तितकेच मोठे असते. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस कारवाईनंतर संस्थान भारतात विलीन झाले आणि स्वामीजी तुरुंगातून बाहेर आले.

सत्तेची दारे त्यानंतर उघडी होती. स्वामीजी १९५२ व १९५७ मध्ये लोकसभेवर निवडून गेले खरे, पण मंत्रिपदाच्या स्पर्धेत ते उतरले नाहीत. १९५० साली, लढ्याच्या जखमा ओल्या असतानाच, त्यांनी नांदेड एज्युकेशन सोसायटीची स्थापना केली आणि नांदेडला पीपल्स कॉलेज सुरू झाले. मराठवाड्यात उच्च शिक्षणाची सोय त्या वेळी जवळजवळ औरंगाबादपुरतीच होती. तरुणांना वर्गाबाहेर बोलावणाऱ्या स्वामीजींनी सवड मिळताच त्यांच्या धाकट्या भावंडांसाठी वर्गाची दारे उघडली. ऋण मान्य करण्याची ही त्यांची रीत होती. नरहर कुरुंदकरांसारखा प्रज्ञावंत पुढे याच महाविद्यालयाच्या प्राचार्यपदी लाभला, हे त्या कार्याचे संचित म्हणावे लागेल.

हैदराबाद राज्याची भाषावार विभागणी व्हावी, या मताचे स्वामीजी खंबीर पुरस्कर्ते होते. लोकांचा कारभार आणि शिक्षण लोकांच्या भाषेत झाले पाहिजे, ही हिप्परग्याच्या दिवसांपासूनची त्यांची श्रद्धा. १ नोव्हेंबर १९५६ रोजी ती प्रत्यक्षात आली आणि मराठी जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात गेले. स्वामीजी मात्र याच शहराचे राहिले. २२ जानेवारी १९७२ रोजी हैदराबादेतच त्यांनी देह ठेवला. बेगमपेठेतील त्यांचे स्मारक, १९९४ साली नांदेड येथे स्थापन झालेले त्यांच्या नावाचे विद्यापीठ आणि अंबाजोगाईचे वैद्यकीय महाविद्यालय ही त्यांची दृश्य स्मृतिचिन्हे होत.

परंतु त्यांचा खरा वारसा इमारतींत शोधू नये. विद्यार्थ्याची जबाबदारी शाळेच्या उंबरठ्यापाशी संपत नाही, हे त्यांनी हिप्परग्याच्या आवारात जाणले आणि पुढे तुरुंगात, लोकसभेत व नांदेडच्या महाविद्यालयात ते निष्ठेने आचरिले. मातृभाषेतील ग्रंथ पुढच्या पिढीच्या हाती देणाऱ्या प्रत्येक संस्थेचे या संन्यासी गुरुजींशी असलेले नाते हे असे आहे.