साने गुरुजी : वर्गातल्या पुस्तकांच्या फळीवर सगळ्यांना जागा देणारे मास्तर

जुन्नर तालुक्यात कुकडी नदीच्या काठावर बोरी बुद्रुक हे गाव आहे. तिथल्या नदीकाठच्या मातीत ज्वालामुखीच्या राखेचा फार जुना थर सापडला. बरेच अभ्यासक ती राख दूरच्या सुमात्रा बेटावरील टोबा ज्वालामुखीची मानतात. आपल्या मातीतही लांबचं काही मिसळलेलं असतं, हे या गावातलं पोर नदीवर जाऊन बघू शकतं. मग वर्गातल्या पुस्तकांच्या फळीवर लांबचं आणि शेजारचं दोन्ही का नसावं? हा विचार करताना आम्हाला साने गुरुजी आठवतात.

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी कोकणातल्या पालगडला झाला. घरची परिस्थिती बेताची होती. शिक्षणासाठी दापोली, औंध, पुणे अशी वणवण झाली. १९१७ साली आई गेली. पुढे एम.ए. होऊन १९२४ साली ते खानदेशातल्या अंमळनेरच्या शाळेत शिक्षक झाले. वसतिगृहाची जबाबदारीही त्यांच्याकडे आली. पोरांची अंथरुणं आवरण्यापासून आजारपणापर्यंत सगळं ते बघत.

पण पोरांना जेवणाइतकंच वाचन हवं, हे त्यांनी ओळखलं होतं. त्या काळी मुलांसाठी मराठीत पुस्तकं थोडी होती. नाहीत म्हणून गुरुजी रडत बसले नाहीत. वसतिगृहातल्या मुलांसाठी ‘छात्रालय’ नावाचं दैनिक ते स्वतःच्या हातानं लिहून काढत. नंतर ‘विद्यार्थी’ हे मासिक सुरू केलं.

१९३० साली नोकरी सोडून ते मिठाच्या सत्याग्रहात उतरले. तुरुंगवास घडला, पण लेखणी थांबली नाही. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीतेवरची प्रवचनं त्यांनी लिहून घेतली. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात अवघ्या काही दिवसांत ‘श्यामची आई’ लिहिली. त्रिचनापल्लीच्या तुरुंगात दक्षिणेकडची माणसं भेटली. एकाच देशात राहून आपण एकमेकांची भाषाही जाणत नाही, ही खंत त्यांच्या मनाला लागली. त्यातूनच आंतरभारतीची कल्पना आली. तमिळमधलं ‘कुरल’ त्यांनी मराठीत आणलं. जॉर्ज इलियट या इंग्रज लेखिकेच्या ‘सायलस मार्नर’वरून मुलांसाठी ‘मनूबाबा’ लिहिलं.

आमच्या घरांसाठी आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. गुरुजींनी ‘इस्लामी संस्कृती’ हे पुस्तकही लिहिलं. अरबस्तानचं जीवन आणि हजरत मुहम्मद पैगंबर (स.) यांचं चरित्र त्यांनी साध्या, प्रेमळ मराठीत सांगितलं. कोकणातल्या ब्राह्मण घरात जन्मलेल्या या माणसानं शेजाऱ्याचा धर्म ऐकीव गोष्टींवर सोडला नाही. अभ्यास केला आणि आपल्या माणसांना त्यांच्याच भाषेत समजावला.

बोलण्यासारखंच वागणंही होतं. पंढरपूरचं विठ्ठल मंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून १९४७ च्या मे महिन्यात त्यांनी उपोषण केलं. १५ ऑगस्ट १९४८ रोजी ‘साधना’ साप्ताहिक काढलं. ११ जून १९५० रोजी त्यांचं निधन झालं. वय होतं अवघं पन्नास.

आज आपली बरीच मुलं मराठी शाळेत शिकतात. फळीवरच्या गोष्टींत त्यांना दिवाळीचा फराळ भेटतो, आजीची ओवी भेटते. ते भेटायलाच हवं, तेही त्यांचंच आहे. पण रोजा सोडताना खजूर वाटणारी अम्मी, ईदला शेजारी शीरखुर्मा पोहोचवणारं पोर कुठल्याच पानावर दिसलं नाही, तर आपलं घर पुस्तकात मावत नाही असं त्या मुलाला वाटतं. आणि बाकावर शेजारी बसलेल्याला त्याच्या घरातलं काहीच कळत नाही. नुकसान दोघांचंही होतं.

म्हणून नुसती तक्रार नको. शाळेत पालकांची बैठक असेल तेव्हा आपणही जाऊ या. गुरुजींना, बाईंना विचारून एखादं चांगलं मराठी पुस्तक वर्गाला देऊ या. ‘श्यामची आई’ आपल्या घरात आणि ‘इस्लामी संस्कृती’ शेजाऱ्याच्या घरात वाचली जावी. पुस्तक मिळालं नाही, तर अंमळनेरची वाट आहेच : वही घ्यायची, पोरांकडून आपापल्या घरची गोष्ट लिहून घ्यायची आणि ती वही फळीवर ठेवायची.