पंडिता रमाबाई : पांडित्याकडून सुबोधतेकडे

अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीस संस्कृत शिकविले आणि त्या लक्ष्मीबाईंनी आपल्या मुलीस. १८५८ मध्ये जन्मलेल्या रमाबाईंच्या विद्वत्तेचा उगम असा आईकडे आहे. दुष्काळात आईवडील गेले. भावासह पायी भटकत त्या कलकत्त्यास पोहोचल्या. तेथे १८७८ मध्ये त्यांना ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या मिळाल्या. विवाह, वैधव्य, आर्य महिला समाज, १८८३ मधील इंग्लंडातील बाप्तिस्मा, १८८९ चे शारदा सदन हा पुढील क्रम सर्वपरिचित आहे. धर्मांतराच्या वादाने मात्र आपल्या वाङ्मयेतिहासाची दृष्टी इतकी व्यापली, की केडगावच्या ‘मुक्ति’तील त्यांचे अखेरचे मोठे कार्य दुर्लक्षितच राहिले.

बायबल मराठीत पूर्वीच आले होते. परंतु त्याची संस्कृतप्रचुर भाषा दुष्काळातून आश्रयास आलेल्या, नुकतीच अक्षरओळख झालेल्या स्त्रियांना दुर्बोध होती. देवाचे वचन त्यांच्यापर्यंत पोहोचावे म्हणून रमाबाईंनी उत्तरायुष्यात हिब्रू व ग्रीक शिकून मुळावरून भाषांतर आरंभिले. ते छापले संस्थेतील स्त्रियांनीच. पुराणे मुखोद्गत असलेल्या विदुषीने संस्कृत शब्द हेतुतः टाळावेत, हा त्याग (निदान भाषेच्या अभ्यासकाने तरी) धर्मांतराहून लहान मानू नये. त्या भाषांतरात शब्दशः अनुसरणामुळे ओबडधोबडपणा आला आहे, हेही नाकारता येत नाही.

१९२१ मध्ये एकुलती कन्या मनोरमा निवर्तली. रमाबाईंचे काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले.